चौथाई वेग

पाचच्या आत प्रबंध पोहोचला नाही, तर यी-चुनची नेदरलँड्समधली नोकरी हातची जाणार होती. आणि शेवटचं गणित चालू असतानाच तिच्या लॅपटॉपचा वेग चौथाईवर आला. मी चार्जर बदलला, पंखा पुसला. प्रोसेसर तापतच राहिला.

“वैद्यबुवा, नाडी सापडली का?” तिने विचारलं. नजर मात्र घड्याळावर होती.

“हवा कुठेतरी अडते आहे.”

तिने लॅपटॉप उचलला. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानमधल्या शिंचूच्या प्रयोगशाळांत आम्ही सगळेच विनवणी लिहून शेजारी ठेवतो, तो खाऊचा हिरवा पुडा जाळीखाली सरकला होता. त्यावर लिहिलेली विनवणी वाचून तिने माझ्याकडे पाहिलं.



अक्षर माझं होतं : ‘जरा सावकाश चाल. काम संपलं की ती निघून जाईल.’