मास्तरांचा कोट

"हात आडवे धरा, मास्तर," शिंपी म्हणाला. "आणि सांगा पुढे."

मास्तरांनी हात आडवे धरले. शिंप्याने बगलेत टाचणी खोवली. गेल्या वर्षीच आवळलेला कोट यंदा पुन्हा ढगळ झाला होता.

युद्ध चालू असताना मास्तर पोरांना विमान चालवायला शिकवत. शिंप्याचा थोरला त्यांच्याच हाताखाली होता. शत्रूचं तोंडही न बघता तो सरावातच गेला. मागच्या सीटवरचे मास्तर मोडक्या पायावर वाचले. तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला शिंपी त्यांना जेवायला बोलावतो, वर कोटही फुकट दुरुस्त करून देतो. गल्लीला याचं कोण कौतुक. गल्लीला काय, कौतुक करायला काही लागत नाही.

"इंजिन बंद पडलं," मास्तर म्हणाले. "खाली वस्ती होती. त्याने विमान टेकडीकडे वळवलं."

"शेवटपर्यंत विमानाचा दांडा त्याच्याच हातात?"

"त्याच्याच."

"तुम्ही हात लावला नाहीत?"

"नाही." मास्तरांना घाम फुटला होता. "शूर पोरगा."

"वा," शिंपी म्हणाला आणि दुसरी टाचणी खोवली.

शिंप्याची धाकटी मुलगी ताटं मांडता मांडता ऐकत होती. वर्षभर बाबा घरात हो-नाहीपलीकडे बोलत नसत. या एका दिवशी मात्र सगळं खोदून खोदून विचारत.

दादा सुट्टीवर आला की घरात विमानाचे कायदे लागू करायचा. काही द्यायचं तर "घेतलं?" विचारायचं, आणि समोरच्याने "घेतलं" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. बाबा चहाच्या कपालाही हसत हसत "घेतलं" म्हणायचे. "हसू नका," दादा म्हणायचा, "इथे कप फुटतो, वर आपण फुटतो." तेव्हा घरात हसायला माणसं होती.

जेवणं झाली. शिंपी कोट घेऊन बाहेरच्या खोलीत मशीनवर बसला. मास्तर लंगडत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, पोरी. पुढल्या वर्षी माझा काही भरवसा नाही. जाण्याआधी तुझ्या बाबांना एक सांगायचंय. त्या दिवशी खरं तर—"

"नको, काका."

बाहेर मशीन मध्येच थांबलं होतं.

"जे काही असेल ते असू दे," ती हळूच म्हणाली. तिला राग आला होता, आणि कीवही. "दादा शूर होता, एवढ्यावर बाबा तग धरून आहेत. ते काढून घेतलंत तर उद्या उठणार नाहीत ते. हात जोडते तुम्हाला."

मास्तर म्हातारी माणसं रडतात तसे आवाज न करता रडले. मग तोंड धुऊन, कोट चढवून निघाले. शिंप्याने त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. "पुढल्या वर्षी वाट बघतो हं," म्हणाला.

तो परत आला तेव्हा धाकटी ताटं घासत होती.

"निघाला होता ना मास्तर सांगायला?"

"काय?" तिचा हात थांबला.

"इंजिन बंद पडलंच नव्हतं. 'घेतलं' ऐकायच्या आधीच याने दांडा सोडला. पोर समजलं मास्तर चालवतोय, हा समजला पोर चालवतंय. चालवत कुणीच नव्हतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. इस्पितळात तापात बरळत होता. मी उशाशी बसलो होतो. शुद्धीवर आल्यावर आपण काय बरळलो ते त्याला आठवेना."

"मग एवढी वर्षं... बाबा, त्यांना बोलू का नाही दिलंत?"

"बोलला असता तर मोकळा झाला असता." शिंप्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आज मशीनवर बसलो आणि माझं लक्ष जरा चुकलं. बरं झालं, तू थांबवलंस त्याला."