गुंजभर सोनं

“काका, आंबट फार पिता का?” दातांच्या डॉक्टर क्षमा यांनी सयाजीच्या तोंडातून आरसा बाहेर काढला.

“दिसाला दोन-तीन लिंबूसोडं हुत्यात,” खुर्चीत आडवा झालेला सयाजी म्हणाला. अर्धं आयुष्य त्यानं कोइमतुरात सोनं गाळण्यात घालवलेलं. सोनं चोख करायच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुरानं घसा सुकायचा, तेव्हा लागलेली सवय विट्याला परतल्यावरही सुटली नव्हती. “पर कॅप सोन्याची हाय. सोनं तेजाबाला भीत न्हाई, लिंबाला भिणार व्हय?”

“सोन्याचा नुसता मुलामा होता, काका. तो झिजला. आत हलका धातू आहे, त्याला आंबट खातंय. हिरडी काळी पडलीय ती त्यानंच.”

सयाजी हसायला गेला आणि हसू अर्ध्यातच राहिलं. कॅपसाठी चोख सोनं त्यानं स्वतः गाळून दिलेलं. सुट्टीत सांगलीच्या एका दवाखान्यात जाऊन दाताचं माप दिलं. सोनं तिथं पोचतं करायचं काम धाकट्या भावानं, जयराजनं, अंगावर घेतलं. परमुलखात डोळे मिटले तर मरतेवेळी मुखात सोनं घालायला कोण असणार? ते आधीच तोंडात असलेलं बरं, एवढाच सयाजीचा विचार. जगाचं सोनं तेजाबात घालून बघणाऱ्या या माणसानं भावाच्या हातचं तेवढं पारखलं नाही. भावाचं काय पारखायचं?

बाहेर थांबलेला जयराज दार ढकलून आत आला. त्यानंच आज सयाजीला गाडीवरून आणलं होतं.

“आण्णा, मी कवाधरनं सांगतोय, सोडा बंद करा. तुमी ऐकत न्हाई.”

खरंच होतं. कॅप बसल्यापासून जयराज सोड्याच्या मागं लागला होता. सयाजीला वाटायचं, भावाला किती काळजी. आता त्याला कळलं, भाऊ सोड्याला का भीत होता. तरी त्यानं मनाला समजावलं, दाताएवढं तर सोनं, गेलं तर गेलं, घरातच गेलं.

मग त्याला आई आठवली.

आई गेली तेव्हा तो कोइमतुराहून गावाकडं येणाऱ्या रेल्वेत बसलेला होता. तुळशीपत्रासोबत तिच्या मुखात ठेवायला त्यानं गुंजभर सोनं आधीच धाडलं होतं, जयराजच्याच हाती. “म्या माझ्या हातानं घातलं, आण्णा,” म्हणत जयराज गळ्यात पडून रडला होता. तेवढ्या एका वाक्यावर सयाजीनं स्वतःला माफ केलं होतं.

तो उठून बसला. दाताचं त्यानं काहीच विचारलं नाही.

“जयराज, आईच्या तोंडात काय घातलं हुतंस रं?”