दिंडीची कडी

मुलीनं लिहिलेल्या राजा-राणीच्या कादंबरीत गडाचा दरवान हा एक फुटकळ खलनायक होता. त्याचं नाव गुरगुऱ्या. लहानपणी ती आणि तिचा भाऊ वडिलांच्या माघारी त्यांना हेच म्हणायचे, कारण दिवेलागणीनंतर दोघांपैकी कुणी घरी आलं की वडील ओरडून घर डोक्यावर घ्यायचे.

आता वडिलांनी ते पुस्तक वाचून मिटलं.

"नावाचं राहू दे," ते गुरगुरले. "पण एवढा खडूस माणूस मोठ्या दरवाजातल्या छोट्या दिंडीची कडी लावायला विसरतो, आणि बाहेर राहिलेली राजकन्या गुपचूप आत येते? कुणाला पटेल हे?"

"न पटायला काय झालं?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "तुम्ही नाही का मागच्या दाराची सारखी विसरायचात!"

"तो विसरत नाही, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "राजकन्या आत येईपर्यंत अंधारात जागा असतो. ती आली की मग लावतो. शेवटी लिहिलंय मी."

"वाचलंय." वडील चष्मा पुसू लागले. "ते पान जरा मोठ्यानं वाच. आत ऐकू जाऊ दे. इतकी वर्षं विसरभोळा म्हणून बोलणी खातोय मी."