सव्वा मिनिट

एकशे बारावं गाणं बंद करून तिने डोळे चोळले. या आठवड्यात आलेल्या गाण्यांची पेटी संपली होती आणि पाचवं गाणं अजून मिळालं नव्हतं. उद्या संध्याकाळी रेडिओवर नव्या बँडांचा तास होता. पाच बँड, पाच गाणी. शोधायचं काम तिचं. नऊ वर्षं ती हेच करत होती. हल्ली दुपारी चारनंतर तिचा डावा कान नुसता घूं घूं करायचा.

नाइलाजाने तिने जुनी पेटी उघडली आणि त्यातलं एक लावलं. एकटी गिटार. एका गाण्याला वीस सेकंद, असा तिचा हिशेब होता. त्याहून जास्त वेळ द्यायला दिवस पुरत नसे. वीस सेकंद होत आली तेवढ्यात निवेदक दारात उभा राहिला. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला कर्णा म्हणायचे.

"सापडलं का पाचवं?"

तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "शोधतेय."

"आता कसलं शोधतेस? गेल्या महिन्यातलं एखादं पुन्हा लावू. कुणाच्या लक्षात राहतंय." मग साहेब कसे चिडलेत, तासाची वेळ कशी कमी होणार आहे, हे त्याने सविस्तर सांगितलं. ती हो हो करत राहिली. गाणं बंद करायचं राहूनच गेलं.

आणि मग दुसऱ्या कानात कुणीतरी गायला लागलं.

आवाज काही फार तयारीचा नव्हता. घरातले सगळे जागे आहेत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला झोपलेला समजून पाय न वाजवता चालतोय, असं काहीतरी तो सांगत होता. मागून ड्रम आले, तेही दबकत. तिने हात वर करून कर्ण्याला गप्प केलं. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग हेडफोन कर्ण्याच्या कानांना लावून तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"चांगलंय," कर्णा म्हणाला. "पण सुरुवातीला सव्वा मिनिट नुसती गिटार? लोक स्टेशन बदलतील. काप ती."

तिने फोन नंबरासाठी नोंदवही काढली. गाणं चौदा महिन्यांपूर्वी आलं होतं. पुढे शेरा होता : 'सुरुवात लांबट. नको.' खाली तिचीच सही.

कर्ण्याने वाकून वाचलं आणि तो निघून गेला.

तिने नंबर फिरवला. पलीकडे दगड कापायचं यंत्र किंचाळत होतं.

"फरशीचं काम असेल तर पुढच्या आठवड्यात करा हां फोन," एक माणूस ओरडून म्हणाला.

"रेडिओवरून बोलतेय. तुमच्या बँडच्या गाण्याबद्दल."

यंत्र बंद झालं.

"बँड नाही राहिला, मॅडम. ड्रमवाला नोकरीला लागला, दुसऱ्या गावी. मी हे करतो."

"गाणं उद्या लावायचंय आम्हाला. तुमची परवानगी हवी."

"तुम्ही तर नको म्हणाला होतात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "पत्र आलं होतं तुमचं. सुरुवात लांब आहे म्हणून. आम्ही बसलो की कापायला. चार दिवस बसलो. कापल्यावर ते आमचं वाटेना. त्यावरून जुंपली आमची."

तिला वाटलं, आभार मानून फोन ठेवावा. परवानगी काय, मिळाल्यातच जमा होती.

"तो शेरा मी लिहिला होता," ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी बादली सरकवली.

"गाणं सुरू होईपर्यंत तरी ऐकलं होतंत?"

"नाही. वीस सेकंद."

 मग त्याने विचारलं, "दिवसाला किती ऐकता?"

"शंभराच्या वर."

"हं. माझंही संध्याकाळी तसंच होतं. शेवटच्या रांगेत फरशी वाकडी बसते आणि कळतसुद्धा नाही." तो म्हणाला. "त्यावरून बँड मोडला असं नाही, मॅडम. मोडायचाच होता. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

हे त्याने म्हणायला नको होतं, असं तिला वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"उद्या कापणार का सुरुवात?" त्याने विचारलं.

"नाही. आहे तसं लावणार."

"मग लावा." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आत्ता ऐकवता का जरा? माझा तेव्हाचा फोन पाण्यात पडला, त्यातच होतं सगळं. माझ्याकडे नाहीये ते."

तिने हेडफोनची वायर काढली, टेबलावरच्या स्पीकरचा आवाज वाढवला आणि फोन जवळ धरला.

"थांबा, मीही फोन स्पीकरवर ठेवतो. हात सिमेंटने भरलेत."

गिटार सुरू झाली. तिच्या खोलीत वाजत होती आणि क्षणभर मागे पडून तो फरशी बसवत होता त्या रिकाम्या घरातही. तिचा हात अवघडला, तरी तिने तो बदलला नाही. पलीकडे हातोडीची ठकठक चालली होती, ती हळूहळू थांबली. आवाज गायला लागला.

"भारी आहे रे," त्याच्याबरोबर काम करणारा कुणीतरी म्हणाला. "कुणाचं?"

"आहे एका बँडचं," तो म्हणाला. "नवीन आहेत."