खेळातला खलाशी

“मेला म्हणायचा का हा?” अजवांगनं दारातूनच विचारलं.

टीव्हीवरच्या खेळात नुसतं काळं पाणी होतं. ओमोलोनं बटण दाबून दोर सोडला होता आणि दोराला लटकलेला खलाशी त्या पाण्यात गडप झाला होता. सकाळपासून तिच्या या धाकट्या दिराचा हाच प्रसंग चारदा खेळून झाला होता. दर वेळी दोर सोडायचा आणि मग डोळे फाडून पाण्याकडे बघत बसायचं.

“नाही हो वहिनी. प्रेत दाखवलं नाही म्हणजे मेला नाही. पुढं कुठंतरी भेटतो की नाही बघा.”

“असं होय! मग हे कशाला आणून ठेवलंयस?”

कोपऱ्यात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं यागोचं फळ होतं, चांगलं हातभर लांब. सरोवरानं माणूस परत दिला नाही, की त्याच्या जागी हे फळ पुरायचं. एकदा पुरलं की तो माणूस मेला, मग त्याला शोधायला कुणी होडी काढत नाही. ओबुयाला, अजवांगच्या नवऱ्याला, बेपत्ता होऊन अकराच दिवस झाले होते. तिनं आशा सोडली नव्हती. घाई होती ती ओमोलोला. होडीत माझा डोळा लागला, उठून बघतो तर दादा नाही, एवढंच तो सगळ्यांना सांगत आला होता. अजवांगच्या ते काही गळी उतरत नव्हतं.

“खेळाचं वेगळं असतं,” तो पुटपुटला.

“दर वेळी सोडतोसच का? एकदा धरून बघ की.”

“धरला तर दोघंही बुडतील.”

“बघितलंयस कधी?”

तिनं त्याच्या हातातला कंट्रोलर ओढून घेतला, खेळ मागे नेला आणि ‘धरा’चं बटण दाबलं. खलाशी हेलकावे खात वर आला, काठावरून होडीत कोसळला आणि धापा टाकत हसला. तो आणि दोर धरणारा, दोघंही जिवंत होते.

बाहेरून चुलतसासऱ्यांची हाक आली. खड्डा तयार होता, फळ आणायला सांगत होते.

“खोटं आहे हे!” ओमोलो एकदम ओरडला. “भर वाऱ्यात ओला दोर असा धरवत नाही, वहिनी! हात सोलून निघतात!”

“दोर कुठला?” अजवांगनं हळूच विचारलं. “तू तर झोपला होतास ना?”