मानाचा तुंबा

पहाटे बायको, ताप्रांदिच, मुर्सिकचा तुंबा शालीखाली लपवून बाहेर पडली, तेव्हा किमायोची झोपच उडाली. ते आंबवलेलं दूध म्हणजे मानाच्या पाहुण्याचं, नाहीतर शर्यत जिंकून गावी परतणाऱ्याचं. मग ही साठीची बाई ते कुणाला पाजायला निघाली? तोही गुपचूप मागे निघाला. ताप्रांदिच चक्क पळत होती! अख्खं गाव पळणाऱ्यांचं, पण किमायोचा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला. चर्चपाशीच त्याला धाप लागली आणि ती दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेपर्यंत पोचला. मग कधीतरी गिरणीपर्यंत. सरावाला निघालेली पोरं शेजारून जाताना विचारायची, "आजोबा, एवढ्या घाईनं कुठे?"

"गाय सुटलीय."

"आज पण?"

संशय काही घरी बसू देईना. मक्याची कापणी झाली, आणि एका सकाळी तो कुठेही न थांबता थेट टेकडीच्या माथ्यावर पोचला. ताप्रांदिच दगडावर एकटीच बसली होती.

"कुठंय तो?" किमायो ओरडला.

तिनं तुंब्याचं झाकण काढलं. "डॉक्टरांनी तुम्हाला पळायला सांगितलं, तर तुम्ही त्यांनाच वेड्यात काढलंत. घ्या, चेबेटचे बाबा, जिंकून आलात. रोज तुमची वाट बघून मलाच संपवावं लागायचं हे दूध."