आईची पुरवणी

दिवेलागणीला सगळी आपापल्या खुर्चीकडे तोंड करून, एकमेकांकडे पाठ फिरवून गुडघे टेकत आणि जपमाळ सुरू होई. आई प्रार्थना सांगे, बाकीचे मागून म्हणत. थोरला मुलगा फिंटन तळ्यात बुडून गेल्यापासून घरात तिघंच उरली होती, आणि माळेनंतरची आईची पुरवणी, म्हणजे याच्या-त्याच्यासाठी मागायच्या जादा प्रार्थना, मात्र रोज लांबत चालली होती. आज अमेरिकेला गेलेल्यांसाठी झालं, पाद्रीबाबांच्या खोकल्यासाठीही झालं.

"आता केसींच्या गाढवासाठी," आई म्हणाली.

"अगं, ते गाढव माझ्यापेक्षा धडधाकट आहे," बाबा पुटपुटले. "पोरीच्या गुडघ्यांसाठी माग काहीतरी."

आईने ऐकलंच नाही. ती सांगू लागली, बाबा आणि छोटी सोर्चा मागून म्हणू लागले. उत्तराला दोनच आवाज असायला हवे होते. तिसरा दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी उमटला, घाईघाईचा, शेवटचे शब्द गिळणारा. असं म्हणतो म्हणून फिंटन रोज आईची बोलणी खायचा.

दादाला एकदा बघावं म्हणून सोर्चाने मान वळवायला घेतली, तोच आईचा हात तिच्या डोक्यावर येऊन टेकला.

"मागे बघू नकोस, बाळ," आई हळूच म्हणाली. "काल मी बघितलं, तर लगेच गेला गं."

प्रार्थना संपली. खोलीत कुणी हललं नाही.

"कोंबड्या राहिल्यात," खुर्चीत तोंड खुपसून बाबा म्हणाले. "एकेकीसाठी वेगळं सांग."